सोलापूरच्या उन्हात शिकलेली साठवण

आमच्याकडे हिरव्या भाजीची चंगळ असते ती पावसाळ्यापासून होळीपर्यंत. परसात गवार, मिरची, अंबाडी, शेवगा. शेतात तूर, हरभरा, ज्वारी. बांधावर चिंच आणि बोरं. येतं ते सगळं एकदम येतं, घरातल्या टोपल्या पुरत नाहीत. होळी झाली की विहिरीचं पाणी खाली जायला लागतं आणि पुढचे तीन-चार महिने मंडईतली पालेभाजी दुपार व्हायच्या आत मान टाकते. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा. अशा मुलखात पिकवणं हे निम्मं काम. पिकलेलं पुढच्या पावसापर्यंत नेणं हे उरलेलं निम्मं.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हे उरलेलं निम्मं काम करते आहे. वाळवणं, लोणची, मुरंबे यांच्याकडे लोक बायकांची हौस म्हणून पाहतात. मला ते पटत नाही. हे इथल्या हवामानाचं शास्त्र आहे, आणि ते हातात बसल्यावर जे समाधान मिळतं ते दुसऱ्या कुठल्या घरकामात मला मिळालेलं नाही. करता करता जे समजलं ते इथे मांडते.

१. ऊन भरपूर आहे म्हणून सगळं उन्हात घालू नये

मार्च संपता संपता सोलापूरचा पारा चाळिशीला टेकतो आणि मे अखेरपर्यंत तिथेच ठाण मांडतो. हवा कोरडी ठणठणीत. माझी नणंद रत्नागिरीला असते. तिच्या अंगणात पापड सुकायला जेवढे दिवस घेतो, त्याच्या निम्म्यातही आमच्या गच्चीवर तो कडकडीत होतो. हवेत दमटपणा नसला की पाणी झपाट्यानं निघून जातं, आणि बुरशीला पाय रोवायला वेळच मिळत नाही. हे आपल्याला फुकट मिळालेलं भांडवल आहे.

पण पालेभाजी उन्हात टाकली की तिचा रंग जातो, वास जातो आणि अ जीवनसत्त्वाचं मूळ द्रव्यही बरंचसं जातं. म्हणून मेथी, कढीपत्ता, पुदिना आणि हरभऱ्याचा पाला हे सावलीत, वारा खेळेल अशा खोलीत सुती कापडावर पसरायचे. गवार, भेंडी, कारल्याच्या काचऱ्या, टोमॅटोच्या चकत्या मात्र थेट उन्हात. गवार आधी उकळत्या मिठाच्या पाण्यातून काढली तर वाळल्यावर काळपट पडत नाही आणि पुढे शिजतेही लवकर.

हरभऱ्याच्या भाजीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आमच्या भागाची ती खरी ठेव आहे. फुलोरा यायच्या आधी हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडायचे. त्यानं पिकाचं नुकसान होत नाही, उलट फुटवे वाढतात. पानावर जो आंबट खार असतो तोच या भाजीचा जीव. म्हणून स्वच्छ रानातली, फवारणी न झालेली भाजी निवडायची आणि ती धुवायची नाही. खुडताना बोटं खारानं चरचरतात. सावलीत चार-पाच दिवसांत पाला असा वाळतो की मुठीत धरला की चुरा होतो. तो चुरा कोरड्या डब्यात दाबून भरायचा. मे महिन्यात फ्रीजमधली भाजी संपली की मूठभर चुरा, लसणाची सढळ फोडणी, सुकी मिरची, शेंगदाण्याचा कूट आणि थोडंसं ज्वारीचं पीठ लावून पळीवाढी शिजवायची. झाकण काढलं की डिसेंबरातल्या रानाचा वास घरभर येतो. माझ्या मुलांनी भर उन्हाळ्यात ही भाजी आणि ज्वारीची भाकरी मागून खाल्ली आहे.

२. कुरडई एकटीनं होत नाही, आणि तेच तिचं बळ आहे

गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळत ठेवायचा. पहाटे वरचं पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी पांढरा घट्ट चीक उरतो. तेवढंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं, त्यात चीक सोडायचा आणि एकसारखं घाटत राहायचं. गुठळी झाली तर कुरडई तुटते. चीक पारदर्शक होऊन चकाकायला लागला की तो शिजला. मग गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा, कारण गार झाला की सोऱ्या फिरत नाही.

एक घाटते, दुसरी भरून देते, तिसरी सोऱ्या दाबते, पोरं वाटीत गरम चीक आणि दूध-साखर घेऊन पायरीवर बसतात. ऊन तापायच्या आत, म्हणजे आठ-साडेआठपर्यंत, गच्ची पांढरी झालेली असली पाहिजे. ज्या घरात माणसं कमी आहेत तिथे आम्ही चौघी शेजारणी आळीपाळीनं जातो. आज हिच्याकडे, परवा माझ्याकडे. या कामाला मजुरी नसते. घातलेल्या कुरडयांतला वाटा मिळतो. पिळून उरलेला चोथाही टाकायचा नाही. त्यात तिखट, जिरं, तीळ घालून पापड्या होतात आणि त्या मला कुरडईपेक्षाही आवडतात.

बाजारात तयार कुरडई मिळते, मग हा खटाटोप कशाला, असं विचारणारे असतात. विकतची कुरडई वाईट नसते. पण वर्षभर एकमेकींच्या दारात जायला जे निमित्त लागतं, ते पाकिटात भरून येत नाही.

३. साठवण म्हणजे पाणी काढून घेणं

जिथे प्यायच्या पाण्याचे टँकर पाहिले आहेत, तिथे पदार्थातलं पाणी काढण्यासाठी आपण एवढा आटापिटा करतो, याची मला सुरुवातीला गंमत वाटे. आता त्यामागचं सूत्र नीट कळलं आहे. बुरशी असो की जंतू, त्यांना वाढायला मोकळं पाणी लागतं. ऊन ते पाणी उडवून नेतं. मीठ आणि साखर ते ओढून घेऊन बांधून ठेवतात. आंबटपणा जंतूंना नकोसा असतो आणि वरचं तेल हवा अडवतं. पापड, लोणचं, मुरंबा, सांडगे हे वरवर वेगळे दिसणारे पदार्थ या चार युक्त्यांच्या जोडण्या आहेत. हे एकदा समजलं की पाककृतीतला कुठला घटक कमी केला तर चालेल आणि कुठला केला तर अनर्थ होईल, हे आपोआप कळतं.

लोणच्यात तिखट कमी करा, मोहरी कमी करा, काही बिघडत नाही. मीठ मात्र कमी करू नका. एक किलो कैरीच्या फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागतंच. रक्तदाबाच्या काळजीपोटी मीठ निम्मं करून लोणचं टिकवता येत नाही. लोणचं कमी खावं, हा त्यावरचा खरा उपाय. मुरंब्यातही तेच. किसाच्या वजनाइतकी तरी साखर हवी, आणि पाक पुरता झाला पाहिजे. आमच्याकडे साखरांब्यापेक्षा गुळांबा जास्त होतो. तिथे गूळ चिक्कीचा नको, साधा पिवळा, आणि थेंब ताटलीवर टाकून वाहत नाही असं दिसेपर्यंत आटवायचा.

परसातल्या रायवळ आंब्याच्या कैऱ्या मी मृग लागायच्या आधी उतरवून घेते. पावसाचं पाणी प्यायलेली कैरी लोणच्याला चालत नाही, मऊ पडते. कैरी धुऊन, पुसून, कापडावर पसरून पूर्ण कोरडी करायची. बरणी उन्हात तापवायची, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरावर पालथी धरायची. चिनी मातीची बरणी आतून गरम, कोरडी आणि हिंगाच्या वासाची झाली की तिच्यात फोडी भरायच्या. फोडणीचं तेल पूर्ण गार करून वर बोटभर तरंगेल इतकं ओतायचं आणि तोंडाला दादरा घट्ट बांधायचा. आठवडाभरात खार सुटतो, तेल वर येतं. रोज सकाळी दादरा सोडून पाहणं हा माझा जूनमधला नेम आहे.

४. हवाबंद बाटलीला मान द्या, पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका

अन्न बाटलीत भरायचं, तोंड बंद करायचं आणि बाटली उकळायची, ही रीत फ्रान्सच्या निकोला अपेरनं शोधली. सैन्याचं अन्न टिकवण्याची गरज होती, सरकारनं बक्षीस दिलं आणि १८१० साली त्यानं आपली पद्धत पुस्तकात छापून सगळ्यांना खुली केली. अन्न का टिकतं हे त्याला माहीत नव्हतं. ते पुढे लुई पाश्चरच्या कामातून उलगडलं. हाताला आधी कळलं आणि शास्त्राला नंतर, हे मला फार आश्वासक वाटतं.

अलीकडे आमच्याकडच्या तरुण मुली बाहेरदेशचे व्हिडिओ पाहून मटार, मका, फरसबी असं काहीही काचेच्या बाटल्यांत भरून उकळायला लागल्या आहेत. त्यांना कळकळीनं सांगणं आहे, हे करू नका. ज्या भाज्या आंबट नाहीत त्यांत बोट्युलिनम नावाचा जंतू हवेशिवाय वाढतो, त्याचं विष जीव घेऊ शकतं, आणि बाटलीला वास किंवा फेस येईलच असं नाही. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यांना दाबाखालची सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता ठरावीक वेळ लागते. घरच्या कुकरवर तो हिशेब नेमका ठेवता येत नाही. आंबटपणा मोजायच्या पट्टीवर, म्हणजे पीएचच्या मापात, ४.६ ही सीमारेषा धरतात. तिच्या खालचं, म्हणजे पुरेसं आंबट असलेलं, तेवढंच घरी बाटलीत भरावं: कैरीचं पन्हं, लिंबाचं सरबत, चिंचेचा कोळ, जॅम. टोमॅटो सीमेवरचा असतो, त्यात लिंबाचा रस घालायलाच हवा. कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर महिनोन्महिने ठेवणंही याच कारणानं धोक्याचं आहे. मटार-मक्यासाठी आपल्याकडे फ्रीझर आहे, नाहीतर ऊन आहेच.

५. अव्वांची आवकाय

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं पिढ्यान्पिढ्या आहेत. तेलंगणातून विणकर म्हणून ही माणसं आली, सोलापूरची चादर आणि टॉवेल त्यांच्या हातांनी नावारूपाला आणले. त्यांच्याबरोबर त्यांचं लोणचंही आलं. आमच्या एका शेजारणीला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. त्यांच्याकडून मी आवकाय हे कैरीचं लोणचं शिकले.

मराठी लोणच्यात आपण मसाला तेलात फुलवून घालतो. आवकायत मोहरीची पूड कच्ची. कैरी सालीसकट, आतल्या टणक बाठीच्या कवचासकट तोडायची. कोय काढायची, कवच ठेवायचं. कवच असलं की फोड वर्षभर कुरकुरीत राहते. कैरी अशी निवडायची की बाठ धरलेली आहे पण पाड लागलेला नाही. तोडलेली प्रत्येक फोड अव्वा पदरानं नव्हे तर वेगळ्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या, आतला पांढरा पापुद्रा काढायच्या आणि मगच परातीत टाकायच्या. मोहरीची पूड, लाल तिखट आणि मीठ एकाच वाटीनं मोजून समभाग. तेल तिळाचं. फोडी आधी तेलात बुडवायच्या, मग मसाल्यात घोळवायच्या, थरांनी बरणीत रचायच्या आणि तिसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी तळापासून वर ढवळून चव बघायची. "मीठ आज कमी वाटलं तर बरोबर नाही, आज जरा जास्त वाटलं पाहिजे," असं त्या म्हणायच्या. कैरीचं पाणी सुटून पुढे ते बरोबर बसतं, हे त्यातलं इंगित. पहिल्या दिवशीच्या परातीला मसाला चिकटून राहतो, त्यात गरम भात आणि तूप कालवून घरातल्या सगळ्यांना एकेक घास द्यायचा. त्या घासासाठी गल्लीतली मुलं दारात उभी राहायची.

अंबाडीचंही तसंच. मराठी घरात अंबाडीची भाजी करून मोकळे होतात. अव्वा तिला गोंगुरा म्हणत आणि तेलात परतून, मीठ-मिरचीत मुरवून तिचं लोणचं घालत. पलीकडच्या गल्लीतल्या कानडी घरांनी मला कडक भाकरी दिली. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर भाजून, मग मंद आचेवर आणि वाऱ्यावर पूर्ण कोरडी करायची, चवड रचून कपड्यात बांधून ठेवायची. ती दोन महिने सहज टिकते. दही, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी एवढ्यावर आमची कित्येक उन्हाळी दुपारची जेवणं झाली. आता बचत गटांच्या बायका ती पाकिटात भरून पुण्या-मुंबईला पाठवतात, याचा मला अभिमान आहे. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा आजूबाजूच्या गल्ल्यांत असल्या की साठवणीचा वारसाही चौपट होतो.

६. जे बाजारात नापास झालं तेच घरात उजवं ठरतं

डाळिंब हे आमच्या जिल्ह्याचं पीक. सांगोल्याकडे मैलोन्मैल बागा. देशाचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच आहे, आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण बागेतलं सगळंच फळ पेटीत बसत नाही. पाण्यात खंड पडला आणि मग एकदम पाणी मिळालं की फळ तडकतं. तेल्या रोगाचा डाग पडला की व्यापारी हात लावत नाही. आत दाणा लालबुंद, गोड असतो, तरी भाव शून्य.

आमच्या शेतावरचं तडकलेलं फळ त्याच दिवशी घरी येतं. तडकलेल्या जागेचा भाग काढून टाकायचा, चांगले दाणे तेवढे घ्यायचे. मिक्सरमध्ये फिरवायचे नाहीत, बी फुटलं की रस तुरट होतो. जाड कापडात बांधून हातानं पिळायचे. साखर आणि भरपूर लिंबू घालून रस उकळीच्या अलीकडेपर्यंत तापवायचा, उकळून घेतलेल्या गरम बाटल्यांत काठोकाठ ओतायचा आणि बूच लावायचं. मग या बाटल्या थंड जागी. वर्षभराची हाव धरू नये. दोन-तीन महिन्यांत संपवावं.

द्राक्षाचं गणित याहून मोठं. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या सोनाका आणि शरद सीडलेस या जाती देशभर गेल्या. द्राक्षाचा भाव पडला की शेतकरी बेदाण्याकडे वळतो. पंढरपूर तालुक्यातल्या कासेगावच्या बाजूला गेलात तर जाळ्यांचे मजले रचलेल्या बेदाणा शेड रांगेनं दिसतील. तिथे द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग तेलाच्या द्रावणात बुडवून मग जाळीवर टाकतात, कारण सालीवरचा मेणासारखा थर उतरल्याशिवाय आतलं पाणी बाहेर पडत नाही. सावलीत, वाऱ्यावर पंधरवड्याच्या आसपास. चार किलोला साधारण एक किलो बेदाणा. घरी थोड्या द्राक्षांसाठी ती औषधं लागत नाहीत: कडक गरम पाण्यात क्षणभर बुडवून काढली तरी काम होतं, रंग मात्र गडद येतो. त्या गडद बेदाण्याची सवय झालेली नातवंडं शिऱ्यात विकतचा घातला की ओळखून बाजूला काढतात.

७. चिंच

फेब्रुवारी-मार्चमध्ये झोडपायची, उन्हात एक दिवस ठेवायची, फोडून चिंचोके आणि शिरा काढायच्या, मीठ लावून गोळे करून बरणीत दाबायचे. एवढंच. बार्शीची चिंचेची बाजारपेठ मोठी. तिथे या दिवसांत चिंच फोडणाऱ्या बायकांचे हात दिवसभर थांबत नाहीत. घरच्या बांधावरचं एक झाड भावकीतल्या सगळ्यांना पुरतं.

८. कोठार भरायचं ते उघडण्यासाठी

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिथल्या काळ्या, खोल जमिनीत नुसत्या ओलाव्यावर मालदांडी ज्वारी येते. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडला गेला आणि आजही रब्बीत बरेच शेतकरी तोच पेरतात. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. याच मंगळवेढ्यात बहामनी राजवटीत दामाजीपंत अधिकारी होते. दुष्काळात उपाशी माणसं दारात आली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं खुली केली, ही कथा इथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते.

पूर्वी धान्य पेवांत असे. जमिनीत खणलेलं खोल पेव, आत पाचटाचं अस्तर, वर मातीनं लिंपलेलं तोंड. आता पेवं बुजली, कणग्या गेल्या, पत्र्याच्या कोठ्या आल्या. नियम तोच राहिला. ज्वारीचा दाणा दाताखाली घेतला की कट् आवाज होऊन तुटला पाहिजे. दबला तर अजून एक ऊन द्यायचं. उन्हातून काढलेलं धान्य लगेच कोठीत भरायचं नाही, रात्रभर गार होऊ द्यायचं, नाहीतर आत घाम धरतो. थरांमध्ये सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात. हे सासूबाईंनी शिकवलं.

सासूबाई १९७२ च्या दुष्काळाबद्दल कमी बोलत. खडी फोडायच्या कामावर गेलेल्या बायका, परदेशातून आलेला लाल मिलो, पोरांना मिळणारी सुकडी, एवढंच त्या सांगत. पण त्यांच्या स्वयंपाकघरात एक रीत कायम होती. नवीन ज्वारी आली की जुन्या कोठीतली उरलेली पायली-दोन पायली ज्यांच्या घरी पिकलं नाही त्यांच्याकडे आधी जायची, आणि मगच नव्याचा पहिला तवा चढायचा. लोणच्याच्या बरणीचंही तसंच. पहिली वाटी शेजारी, दुसरी माहेरी, मग आपली. मी ती रीत मोडलेली नाही. भरलेल्या फळीकडे पाहून बरं वाटतं हे खरं, पण वाटी घेऊन दार ओलांडताना जो आनंद होतो तो त्याहून मोठा आहे.

९. टाकायला शिका

शेंगदाण्याला बुरशी आली तर तेवढे दाणे निवडून बाकीचे ठेवू नका. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजल्या-शिजवल्यानं पुरतं जात नाही. सगळे टाका. शेंगाच्या चटणीला उन्हाळ्यात महिन्यापेक्षा जास्त मुदत देऊ नका. तेलाचा खवट वास आला की ती संपली. फुगलेलं झाकण, बुडबुडे येणारा रस, लोणच्यावरची पांढरी-हिरवी साय यांच्याशी तडजोड नको. प्रत्येक बरणीवर चिकटपट्टीनं महिना आणि साल लिहा. कष्टानं केलेलं टाकताना जीव तुटतो, मलाही तुटतो. तरी जेवणाऱ्याचं पोट बरणीपेक्षा महत्त्वाचं.

१०. 'अंदाजानं' हे माप पुढच्या पिढीला पुरत नाही

येसर ही आमच्या भागाची खास चीज: धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. लग्नघरी येसरची आमटी झाल्याशिवाय पंगत पुरी होत नाही, आणि डबाभर येसर घरात असली की अवेळी आलेल्या पाहुण्याची आमटी पंधरा मिनिटांत होते. पण प्रत्येक घराची येसर वेगळी, आणि बहुतेक घरांत ती एकाच बाईच्या हातात. धणे किती, तर अंदाजानं. किती भाजायचे, तर वास येईपर्यंत. काळ्या तिखटाचं तेच, सांडग्यांचं तेच. ती बाई गेली की त्या घराची चव संपते. अव्वा गेल्या तेव्हा त्यांचं तिळाच्या तेलातलं एक लिंबाचं लोणचं त्यांच्याबरोबर गेलं. त्यांच्या सुनेलाही ते येत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. तुमच्या घरात, गल्लीत, भावकीत ज्यांच्या हाताला हे येतं, त्या आजी-मावशी-अव्वांकडे येत्या उन्हाळ्यात एक पूर्ण दिवस जाऊन बसा. वजनकाटा आणि वही बरोबर न्या. त्यांनी मूठ भरली की ती परातीत पडायच्या आधी काट्यावर ठेवायला सांगा आणि आकडा लिहा. किती वेळ भाजलं, कोणतं तेल, बरणी कुठे ठेवली, सगळं लिहा. मुलींबरोबर मुलांनाही न्या. हे काम मृगाच्या आधी करा, पाऊस लागला की वर्ष जातं.